सीताबर्डीवरून दिसणारे आकाश : शहरांच्या हवेची तुलना कशी करावी?

नागपूर शहराच्या ऐन मध्यभागी सीताबर्डीच्या दोन टेकड्या उभ्या आहेत. नागपूरकर या भागाला नुसते ‘बर्डी’ म्हणतात. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात येथेच लढाई झाली. सपाट प्रदेशात थोडीशी उंचीदेखील किती मोलाची असते, हे त्या लढाईत दिसून आले. टेकडी ज्याच्या हाती, त्याला दूरवरचे दिसत असे. या टेकड्यांवरील किल्ला लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो नागरिकांना पाहण्यासाठी खुला करण्याचा प्रघात आहे.

हे तीन दिवस हवेच्या अभ्यासकालाही मोठे सोयीचे आहेत, कारण ते वर्षाच्या तीन वेगवेगळ्या ऋतूंत येतात. २६ जानेवारीच्या सकाळी टेकडीवरून पाहिले असता क्षितिजालगत निळसर राखाडी रंगाचा एक पट्टा पसरलेला दिसतो. जवळच्या इमारती स्पष्ट असतात, पण दूरच्या इमारतींची केवळ पुसट आकृती उरते. १ मे रोजी आकाश फिकट, पांढुरके आणि किंचित मातकट भासते. १५ ऑगस्टला पावसाने उघडीप दिली असेल, तर हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ असते आणि दूरची झाडेही ओळखता येतात. शहर तेच, टेकडी तीच, खालून वाहणारी रहदारीही जवळपास तीच. मग या तीनपैकी नागपूरची खरी हवा कोणती मानावयाची?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. दिल्लीच्या धुरक्याची छायाचित्रे पाहून “आपले नागपूर पुष्कळ बरे” असे उद्गार सहज काढले जातात. मुंबईत समुद्राकाठच्या उंच इमारती अंधुक दिसू लागल्या की “मुंबईची दिल्ली झाली” असे म्हटले जाते. डोळ्यांनी केलेल्या या तुलनेत काही तथ्य असते, तसाच काही भ्रमही असतो. तथ्य कोणते आणि भ्रम कोणता, हे समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे. तो समजला नाही, तर ज्या शहराचे आकाश बरे दिसते ते शहर निष्काळजी राहते, आणि त्या निष्काळजीपणाची किंमत तेथील मुलांच्या व वृद्धांच्या फुप्फुसांना मोजावी लागते.

डोळ्याला नेमके काय दिसते?

हवा स्वतः रंगहीन आहे. तीत तरंगणारे कण जेव्हा प्रकाश इतस्ततः विखुरतात किंवा शोषून घेतात, तेव्हा आपल्याला ‘धूसर हवा’ दिसते. दूरच्या इमारतीकडून डोळ्याकडे येणारा प्रकाश वाटेतील कणांमुळे कमी होतो. उलट सूर्याचा विखुरलेला प्रकाश मध्येच मिसळतो. परिणामी इमारत आणि तिच्यामागील आकाश यांच्यातील फरक पुसट होत जातो. हा फरक ज्या अंतरावर डोळ्याला कळेनासा होतो, त्या अंतराला दृश्यमानता म्हणतात.

सर्व कण हे काम सारख्या प्रमाणात करीत नाहीत. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या कणांचा आकार या लांबीच्या जवळपास असतो, ते प्रकाश सर्वांत अधिक विखुरतात. धूर, वाहनांचा उत्सर्ग आणि वायूंपासून हवेतच तयार होणारी सल्फेट व नायट्रेट ही लवणे बव्हंशी याच आकाराची असतात. रस्त्यावरची माती, सिमेंटची भुकटी किंवा शेतातील धूळ यांचे कण पुष्कळ मोठे असतात. म्हणून एक ग्रॅम धूर जितके आकाश झाकोळून टाकतो, तितके एक ग्रॅम धुळीला साधत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन असते. १० मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासाबरोबर आत जातात, आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण तर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. याचाच अर्थ असा की, आकाश सर्वाधिक धूसर करणारे कण आणि शरीराला सर्वाधिक अपाय करणारे कण हे पुष्कळ अंशी एकच आहेत. तेव्हा धूसर आकाश पाहून मनात शंका येणे योग्यच आहे. डोळा हा वाईट साक्षीदार नाही. मात्र त्याची साक्ष अपुरी असते.

साक्ष कोठे अपुरी पडते?

पहिली अडचण ओलाव्याची आहे. सल्फेट व नायट्रेट यांचे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की त्यांचा आकार झपाट्याने वाढतो व तेवढेच प्रदूषण पुष्कळ अधिक धूसर दिसू लागते. म्हणूनच समुद्राकाठच्या मुंबईतील दमट सकाळ आणि नागपुरातील उन्हाळ्याची कोरडी दुपार यांची नुसत्या नजरेने तुलना करणे सयुक्तिक नाही. कोरड्या हवेत तेवढेच कण असूनही आकाश बरे दिसू शकते.

दुसरी अडचण धुके आणि धुरके यांतील भेदाची आहे. धुके म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली म्हणजे हवामानशास्त्रात त्यास धुके म्हणतात. धुरके म्हणजे धूर आणि धुके यांचे मिश्रण. पहाटे शेतावर उतरणारे शुभ्र धुके ऊन चढताच विरते. धुरके मात्र ऊन आल्यावरही पिवळट वा करड्या रंगात रेंगाळते. तसेच औष्णिक वीजकेंद्राच्या शीतकरण मनोऱ्यांतून बाहेर पडणारे पांढरे लोट हे मुख्यतः पाण्याच्या वाफेचे असतात. पाहणाऱ्याला मात्र तेच सर्वांत मोठे प्रदूषण वाटते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. पुष्कळशी प्रदूषके डोळ्याला दिसतच नाहीत. कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डाय-ऑक्साइड आणि ओझोन हे वायू हवेत ज्या प्रमाणात आढळतात, त्या प्रमाणात ते अदृश्य असतात. नायट्रोजन डाय-ऑक्साइडचा तपकिरी रंग दाट साठा झाल्यावरच जाणवतो. ओझोनची गोष्ट तर विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही नळीतून बाहेर पडत नाही. वाहनांतून निघालेली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर प्रखर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो तयार होतो. अर्थात स्वच्छ, निळ्या, कडक उन्हाच्या दुपारी त्याला अनुकूल परिस्थिती लाभते. विदर्भातील उन्हाळ्यात अशा दुपारींची वाण नाही.

अंतराचे गणित

दृश्यमानतेसंबंधी एक साधे गणित जर्मन शास्त्रज्ञ कोश्मिडर यांनी १९२४ मध्ये मांडले. त्याचा आशय असा की, प्रकाश अडविण्याची हवेची क्षमता जितकी वाढते, तितक्या प्रमाणात दिसण्याचे अंतर घटते. कण दुप्पट झाले की अंतर निम्मे होते.

या नियमाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शहरात वीस किलोमीटरपर्यंत दिसते असे मानू. आर्द्रता तीच राहून तेथील कणांचा भार दुप्पट झाला, तर दिसण्याचे अंतर दहा किलोमीटरवर येईल. म्हणजे दहा किलोमीटरचे दृश्य एकदम नाहीसे होईल आणि सारे शहर हळहळेल. आता असे दुसरे शहर घेऊ की, जेथे आधीच दसपट कण आहेत व दोनच किलोमीटरपर्यंत दिसते. तेथे वरच्याइतकीच भर पडली, तर अंतर सुमारे १८० मीटरनेच कमी होईल. बहुतेकांच्या ते ध्यानातही येणार नाही.

यापासून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, मलिन शहराला आणखी मलिन होताना डोळ्यांकडून इशारा मिळत नाही. दुसरा असा की, तेथे हवा सुधारण्याचे प्रयत्न सुरू झाले, तरी प्रारंभी आकाशात फारसा फरक दिसत नाही. उपाययोजना निष्फळ ठरली असे लोकांना वाटू लागते. वस्तुतः त्या काळातच चिकाटीची सर्वाधिक गरज असते. उलट, ज्या शहराचे आकाश अजून बऱ्यापैकी स्वच्छ आहे, तेथे थोड्याशा प्रयत्नाचे फळ स्पष्ट दिसते. नागपूरसारख्या शहराच्या दृष्टीने ही आशेची बाब आहे.

धूर मोजण्याचे जुने साधन

डोळ्यांनी धूर मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न नवा नाही. फ्रान्समधील प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास एक साधा तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांच्या कमी-अधिक दाट जाळ्या काढून २०, ४०, ६० व ८० टक्के काळेपणा दाखविणारे चौकोन त्यांनी आखले. तक्ता काही अंतरावर धरून चिमणीच्या धुराशी त्याची तुलना करावयाची आणि धुराला क्रमांक द्यावयाचा, अशी ही रीत होती. कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांच्या त्या युगात ती जगभर रूढ झाली.

भारतातही धुराचा उपद्रव रोखण्यासाठी फार पूर्वीच कायदे झाले. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धूर-उपद्रवविषयक अधिनियम करण्यात आले. गिरण्यांच्या चिमण्यांमधून निघणारा काळा धूर हे त्यांचे लक्ष्य होते. परंतु काळा धूर म्हणजेच प्रदूषण, अशी जी समजूत त्या काळी रुजली, ती आजही पुरती मावळलेली नाही. आधुनिक औष्णिक केंद्रात विद्युत-स्थितिक यंत्रणेद्वारा राखेचे नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक कण पकडता येतात व चिमणी जवळजवळ निर्धूर दिसू शकते. मात्र कोळशातील गंधकापासून होणारा सल्फर डाय-ऑक्साइड या यंत्रणेत अडकत नाही. तो वाऱ्याबरोबर दूर जातो आणि वाटेत त्याचे सूक्ष्म सल्फेट कण बनतात. चिमणीतून न दिसलेले प्रदूषण अशा रीतीने पुढे दुसऱ्याच गावाच्या क्षितिजावर धूसरपणा होऊन प्रकट होते.

प्रत्येक शहराचे आकाश निराळे

शहराच्या हवेचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत : शहर किती प्रदूषके बाहेर टाकते, आणि निसर्ग ती किती वेगाने दूर नेतो.

दिल्ली हे गंगा-यमुनेच्या मैदानातील, समुद्रापासून दूर असलेले शहर आहे. हिवाळ्यात तेथे वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच साचते आणि धुक्याचीही त्यात भर पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब व हरियाणातील भाताचे खुंट जाळल्याचा धूर वायव्येच्या वाऱ्याबरोबर येतो. वाहने, कारखाने, बांधकामे आणि कचऱ्याच्या आगी या तर बारमाही आहेत. दिल्लीतील सार्वजनिक बसगाड्या २००२ सालच्या अखेरपर्यंत नैसर्गिक वायूवर आणण्यात आल्या. तो मोठाच उपक्रम होता. तथापि अलीकडच्या वर्षांतही तेथील सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास राहिली आहे.

मुंबईला समुद्राचे वरदान आहे. दिवसा समुद्रावरून येणारा वारा शहरातील हवा हलती ठेवतो. हा वारा उशिरा सुटला किंवा क्षीण झाला, म्हणजे मुंबईचे खरे उत्सर्जन किती आहे ते उघड होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये याचा प्रत्यय आला. बांधकामांच्या धुळीस आळा घालण्यासाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना जारी केल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. निसर्गाच्या कृपेवर विसंबून राहणे कोणत्याही शहराला परवडणारे नाही, हा त्याचा मथितार्थ.

चंद्रपूरचे आकाश आणखी वेगळे आहे. कोळशाच्या खाणी, कोळशाची वाहतूक, सिमेंटचे कारखाने आणि २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र यांच्या सान्निध्यात वसलेल्या या जिल्ह्यात धूळ व धूर ही दोन्ही एकत्र येतात. शहराचा विस्तार महानगराएवढा नसला, तरी हवेचा प्रश्न महानगराएवढाच असू शकतो, हे चंद्रपूर दाखवून देते.

नागपूर या सर्वांच्या मधोमध कोठे तरी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरील या शहराला समुद्रवारा नाही आणि हिमालयाचा आडोसाही नाही. शहराच्या उत्तरेस कोराडी येथे १९७४ पासून व खापरखेडा येथे १९८९ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार होते आणि तीवर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. चुलींचा, शेकोट्यांचा, पेटविलेल्या कचऱ्याचा आणि वाहनांचा धूर या झाकणाखाली अडकतो. भांडेवाडी येथील कचरा डेपोला लागणाऱ्या आगीही शहराच्या अनुभवाच्या आहेत. सीताबर्डीवरून २६ जानेवारीच्या सकाळी दिसणारा निळसर पट्टा म्हणजे या झाकणाखाली साचलेली हवाच होय. ऊन तापले की जमिनीलगतची हवा वर उठते, झाकण उघडते आणि दुपारी आकाश मोकळे दिसते. सकाळचे प्रदूषण नाहीसे झालेले नसते. ते केवळ अधिक उंचीत पसरलेले असते.

लंडनचा धडा

दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या प्रदूषणाचा इतिहास लंडनइतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही शहरात वाचावयास मिळत नाही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाच्या धुराने भरलेले दाट धुरके त्या शहरावर बसले. लंडनकरांना धुक्याची सवय होती. हेही त्यांपैकीच एक, असा प्रारंभी समज झाला. नंतर मृत्यूंची गणना झाली तेव्हा सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज निघाला. पुढील संशोधनात हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. या आपत्तीनंतर १९५६ साली तेथे शुद्ध हवेचा कायदा झाला व काळा धूर हळूहळू हटला.

आकाश निवळले, पण गोष्ट तेथे संपली नाही. २०१३ साली लंडनमधील एका रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीचा दम्याने मृत्यू झाला. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची स्पष्ट नोंद केली. १९५२ चे प्रदूषण सर्वांना दिसत होते; २०१३ चे दिसत नव्हते. दम्याने पीडित अशा लहान जिवाला मात्र दोन्हींचा उपसर्ग होतो.

मोजमापाची व्यवस्था आणि नागपूरचे स्थान

हवेच्या मोजमापाच्या भारतीय इतिहासात नागपूरला मानाचे स्थान आहे. १९५८ साली येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले आणि ‘नीरी’ या लघुनामाने ती देशभर ओळखली जाऊ लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या मोठ्या शहरांतील हवेचे नमुने एकाच पद्धतीने तपासण्याचे काम या संस्थेने केले. शहराशहरांची तुलना करावयाची, तर मोजण्याची रीत एक असली पाहिजे, हे तत्त्व त्यातून रुजले.

१९७० साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली आणि १९८१ साली हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम देशात आला. आज नागपुरात सिव्हिल लाइन्ससह निरनिराळ्या ठिकाणी हवेची तपासणी होते. काही केंद्रांवर ठरावीक दिवशी चोवीस तास हवा गाळणपत्रातून ओढून त्यावरील कणांचे वजन केले जाते, तर काही ठिकाणी स्वयंचलित यंत्रे अखंड नोंद ठेवतात.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेल्या मर्यादा याहून पुष्कळ कडक, म्हणजे अनुक्रमे १५ व ५ मायक्रोग्रॅम आहेत. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा सलग पाच वर्षे मानकांची पूर्तता न करू शकलेल्या शहरांची यादी त्यासाठी आधारभूत धरण्यात आली. त्या यादीत महाराष्ट्रातील १७ शहरे होती व त्यांत मुंबई, पुणे, चंद्रपूर यांच्याबरोबर नागपूरचेही नाव होते. दिल्लीपेक्षा आकाश निवळ दिसणे ही एक गोष्ट आणि हवा मानकात बसणे ही दुसरी गोष्ट, हे या यादीने स्पष्ट केले.

तुलना करताना पाळावयाचे नियम

दोन शहरांची तुलना करताना प्रथम वेळ आणि ऋतू समान असावेत. एका शहराची जानेवारीतील सकाळ आणि दुसऱ्याची जुलैतील दुपार यांची तुलना निरर्थक होय. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा वर्षाची सरासरी अधिक बोलकी असते.

तपासणी केंद्र कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. झाडीने वेढलेल्या सिव्हिल लाइन्समधील हवा आणि तेथून जवळच असलेल्या व्हरायटी चौकातील हवा एकच असेल, असे मानता येणार नाही.

हवेचा निर्देशांक वाचतानाही सावधगिरी हवी. भारताचा राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांचा विचार करतो, परंतु अंतिम आकडा त्यांतील सर्वांत वाईट प्रदूषकावरून ठरतो. दोन शहरांचा निर्देशांक १५० असला, तरी एकात धुळीचा व दुसऱ्यात ओझोनचा दोष असू शकतो. उपाय अर्थातच निराळे. शिवाय निरनिराळ्या देशांची मोजपट्टी सारखी नाही. सूक्ष्म कण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असता भारतीय निर्देशांक १०० येतो. अमेरिकी पद्धतीने त्याच हवेचा आकडा दीडशेच्या वर जातो. भ्रमणध्वनीवर दिसणारा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता केलेली तुलना फसवी ठरते.

बर्डीच्या रस्त्यावर

टेकडीवरून खाली उतरून सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर आले, म्हणजे हा सारा विषय माणसांचा आहे हे ध्यानात येते. रहदारी नियंत्रित करणारा पोलीस शिपाई, पदपथावर कपडे व खेळणी मांडणारा फेरीवाला, प्रवाशाची वाट पाहणारा ऑटोरिक्षाचालक आणि मोरभवन बसस्थानकावर गाडीसाठी थांबलेला विद्यार्थी हे सर्व जण जी हवा घेतात, ती टेकडीवरून दिसणाऱ्या हवेहून निराळी असते. वाहनाच्या धुरनळीपासून काही पावलांवर ती घेतली जाते. ती शहराच्या सरासरीत बुडून जाते आणि क्षितिजावरही उमटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरील हवेचे प्रदूषण हे कर्करोगाचे निश्चित कारण असल्याचे जाहीर केले. दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर काढणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ उघड आहे.

सुधारणेचे मार्ग अनोळखी नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर अत्यल्प गंधकाचे इंधन आणि भारत स्टेज-६ मानकाची वाहने लागू झाली. २०१९ पासून धावू लागलेल्या नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच एकमेकींना छेदतात. खासगी वाहन घरी ठेवून बर्डीत येण्याची सोय त्यामुळे झाली आहे. रस्त्याकडेची माती वेळच्या वेळी उचलणे, बांधकामाभोवती आडोसा व पाण्याचा फवारा ठेवणे, पालापाचोळा न पेटविता त्याचे खत करणे, पऱ्हाट्या व लाकूडफाटा यांऐवजी स्वयंपाकाचा वायू वापरणे, ही कामे शासन, महानगरपालिका आणि नागरिक यांनी मिळून करावयाची आहेत. कोणा एकाच्या हातून ती पार पडणारी नाहीत.

शाळांसाठी एक उपक्रम

या विषयाचा परिचय विद्यार्थ्यांना करून देण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. शाळेच्या गच्चीवरून दिसणाऱ्या पाच खुणा निवडाव्यात : अर्ध्या किलोमीटरवरील पाण्याची टाकी, एक-दोन किलोमीटरवरील देवळाचा कळस, त्याहून दूरची इमारत, टेकडी आणि चिमणी. नकाशावरून त्यांची अंतरे काढावीत. दररोज सकाळी आठ वाजता व दुपारी तीन वाजता कोणती खूण स्पष्ट दिसते, कोणती पुसट दिसते आणि कोणती दिसत नाही, याची वहीत नोंद करावी. त्यासोबत आकाशाचा रंग, वारा, पाऊस आणि आर्द्रता लिहावी. शेवटच्या रकान्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या उपयोजनेवरील त्या दिवसाचा निर्देशांक व मुख्य प्रदूषक यांची नोंद करावी.

वर्षभर ही वही चालविली, तर डोळ्याची साक्ष आणि यंत्राची साक्ष कोठे जुळते व कोठे जुळत नाही, हे विद्यार्थ्यांना आपोआप उमगेल. न जुळणारे दिवसच अधिक शिकविणारे असतात. आकाश निळे असता निर्देशांक वाईट का, आणि धुके दाट असता तो बरा का, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडला त्याला विषय समजला असे म्हणता येईल. नागपूर, मुंबई आणि चंद्रपूर येथील शाळांनी आपापल्या वह्यांची देवाणघेवाण केली, तर शहरांची तुलनाही अनुभवातून होईल.

मार्च २०२० च्या अखेरीस देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाल्यावर अवघ्या काही दिवसांत, एप्रिलच्या प्रारंभी, पंजाबातील जालंधर येथून दूरवर असलेली धौलाधार पर्वताची हिमशिखरे दिसू लागली. पर्वत तेथे सदैव होताच. मधली हवा तेवढी निवळली. ज्या कारणाने ती निवळली ते कोणालाही हवे असणार नाही. जनजीवन व उद्योग चालू ठेवून तशी हवा मिळविणे हेच शहरांपुढील कार्य होय. सीताबर्डीच्या टेकडीवर पुढील २६ जानेवारीला जाणाऱ्या नागरिकाने क्षितिजावरचा तो निळसर पट्टा अवश्य पाहावा. आणि दिल्लीशी तुलना करून समाधान मानण्याऐवजी, त्याच टेकडीवरून मागील वर्षी काय दिसले होते, त्याच्याशी त्याची तुलना करावी.